यंत्रांतरातील उणीव : संगणकावरील नेमबाजीच्या खेळांच्या कन्सोल-प्रतींची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी रसिकाला रूपांतर ही गोष्ट नवी नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) सिद्ध केले, ‘ऑथेल्लो’वरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ (१८९०) लिहिले आणि शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) रंगभूमीवर आणले. या नाटकांची चर्चा करताना मराठी समीक्षेने दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. मूळ कृतीशी रूपांतर किती प्रामाणिक आहे, हा पहिला. मराठी नाटक म्हणून ते स्वतःच्या पायांवर उभे राहते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुकूल असूनही दुसऱ्याचे प्रतिकूल येऊ शकते, हे या परंपरेचे महत्त्वाचे शहाणपण होय.

गेल्या तीन दशकांत रूपांतराचे आणखी एक क्षेत्र उदयास आले. त्याकडे आपल्या विद्यापीठीय समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. एका यंत्रासाठी रचलेला व्हिडिओ गेम दुसऱ्या यंत्रावर उतरवणे, हे ते क्षेत्र. इंग्रजी व्यवहारात यास ‘पोर्ट’ म्हणतात. भाषांतर या शब्दाच्या धर्तीवर प्रस्तुत लेखात त्यास ‘यंत्रांतर’ असे म्हटले आहे. घरगुती संगणकावर जन्मलेले नेमबाजीचे खेळ, ज्यांना ‘शूटर’ असे नाव रूढ आहे, ते टीव्हीला जोडायच्या कन्सोल यंत्रावर आले तेव्हा वारंवार निराशा का करतात, हा या लेखाचा विषय आहे.

हा विषय वरकरणी करमणुकीचा आणि दूरच्या देशांतला वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जवळचा आहे. सोलापूर–धुळे महामार्गावरील येरमाळा हे येडेश्वरी देवीचे ठाणे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. मराठवाड्यातील अशा जत्रांतून एका पिढीने तंबूतला सिनेमा पाहिला. मुंबई-पुण्यात झिजलेली, ओरखडे पडलेली प्रिंट शेवटी जत्रेच्या पडद्यावर येई. चित्रपटाचे नाव तेच, नट तेच, पण मधली दृश्ये गळालेली आणि आवाज फाटलेला. तंबूतल्या प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट आणि शहरी समीक्षकाने नावाजलेला चित्रपट या दोन वेगळ्या वस्तू होत्या. मात्र परीक्षण एकाचेच छापले जाई. ज्याच्याजवळ दुबळे यंत्र आहे त्याच्या वाट्याला आलेल्या कलाकृतीचे मूल्यमापन कोण करणार, हाच प्रश्न यंत्रांतराच्या चर्चेतही उभा राहतो.

यंत्रांतर : संकल्पना व निकष :

संगणक आणि कन्सोल यांतील भेद केवळ शक्तीचा नाही. संगणकाचे भाग बदलता येतात. खेळ संथ चालला तर अधिक स्मृतिकोश किंवा नवे ग्राफिक्स कार्ड बसवून मालक त्यावर उपाय करू शकतो. चित्राची स्पष्टता कमी करून वेग वाढवण्याची सोयही बहुतेक खेळांत असते. कन्सोल हे बंद यंत्र आहे. ते जसे विकत घेतले तसेच पाच-सात वर्षे राहते. त्यामुळे संगणकावर खेळाडू स्वतः जी तडजोड करतो, ती कन्सोलवर निर्मात्याने आधीच करून द्यावी लागते. कोणती गोष्ट राखावी आणि कोणती सोडावी, हा निर्णय खेळाडूच्या वतीने दुसरा कोणी घेतो. म्हणून यंत्रांतर हे तांत्रिक कामाइतकेच निवडीचेही काम आहे आणि जेथे निवड आहे तेथे समीक्षेला जागा आहे.

या लेखात दोन निकष मानले आहेत. खेळ त्या यंत्रावर अखंड, हाताला विश्वास वाटेल अशा रीतीने चालतो का, हा पहिला. जे गाळले ते गाळताना खेळाचा प्राण ओळखला होता का, हा दुसरा. नकाशे, शत्रू, शस्त्रे यांच्या मोजदादीला येथे दुय्यम मानले आहे.

हात, डोळा आणि नेम :

इतर खेळांपेक्षा नेमबाजीचा खेळ संथपणामुळे अधिक का बिघडतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे. पडद्यावरचे चलत्चित्र हे स्थिर चित्रांचा, म्हणजे प्रचलित भाषेत फ्रेमांचा क्रम असते. सेकंदाला ६० फ्रेमा दिसत असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. ३० असतील तर ३३.३ आणि २० असतील तर ५० मिलिसेकंद. चित्रपट पाहणाऱ्याला याचे फारसे वाटत नाही, कारण त्याचे हात मोकळे असतात. नेमबाजाचा हात मात्र डोळ्याच्या प्रत्येक सूचनेवर चालतो. डोळ्याने पाहणे, हाताने दुरुस्ती करणे आणि पुन्हा पाहणे असे ते चक्र आहे. फ्रेम उशिरा आली की चक्र तुटते.

त्यात साधनाचा भेद मिळतो. संगणकावर खेळाडू माउस वापरतो. माउस जितका सरकवावा तितकी नजर वळते; हात थांबला की नजर थांबते. कन्सोलच्या नियंत्रकावर अंगठ्याने फिरवायची लहान दांडी असते. ती अंतर सांगत नाही, वेग सांगते. दांडी कललेली असेपर्यंत नजर फिरतच राहते आणि नेमक्या क्षणी अंगठा सोडणे हेच कौशल्य ठरते. समजा, नजर सेकंदाला १८० अंशांच्या वेगाने वळत आहे. ६० फ्रेमांच्या चित्रात दोन फ्रेमांमधील अंतर ३ अंश असेल. २० फ्रेमांच्या चित्रात ते ९ अंश होईल. लांबवरचा शत्रू पडद्यावर जेमतेम एक-दोन अंशांची जागा व्यापतो. अर्थात तो एका फ्रेमीत उजवीकडे असतो आणि पुढच्या फ्रेमीत डावीकडे निघून गेलेला असतो. मधली फ्रेम, जिच्यावर नेम धरायचा, ती पडद्यावर आलेलीच नसते. खेळाडूला आपण चुकलो असे वाटते. वास्तविक त्याला नेम धरण्याची संधीच मिळालेली नसते.

यावर कन्सोलसाठीच रचलेल्या खेळांनी उत्तर शोधले होते. रेअर या ब्रिटिश संस्थेचा ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) आणि बंजीचा ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ (२००१) ही त्याची ठळक उदाहरणे. ‘हेलो’मध्ये नेमाचे चिन्ह शत्रूवर आले की नजरेचा वेग आपोआप मंदावतो, खेळाडूजवळ एका वेळी दोनच शस्त्रे असतात आणि ढाल काही क्षणांत पुन्हा भरते. अंगठ्याच्या मर्यादेचा विचार करून झुंजीची संपूर्ण लय ठरवलेली आहे. हा खेळ सेकंदाला ३० फ्रेमांवर रचलेला असूनही अपुरा वाटत नाही. यावरून, निराशेचे कारण ‘कन्सोल’ ही वस्तू नसून दुसऱ्या साधनासाठी ठरलेली लय तशीच लादणे हे आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो.

‘डूम’च्या प्रती :

इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी संगणकावर प्रसिद्ध झाला. पुढील चार वर्षांत तो इतक्या वेगवेगळ्या यंत्रांवर गेला की यंत्रांतराच्या अभ्यासासाठी त्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

१९९४ मधील अटारी जॅग्वारची प्रत इडच्या जॉन कारमॅक यांनी स्वतः केली. नकाशे सोपे केले आणि खेळ चालू असताना वाजणारे संगीत पूर्णपणे वगळले. ही मोठी उणीव होती. पण खेळाची चाल टिकली. संगीताचा बळी देऊन वेग राखणारा हा निर्णय मूळ कर्त्याने घेतला होता, हे लक्षणीय आहे. आपल्या कृतीचा प्राण कशात आहे हे त्यास ठाऊक होते.

१९९५ मधील सुपर निन्टेंडोची प्रत याच्या अगदी उलट आहे. या यंत्राचा मूळ प्रक्रियक ३.५८ मेगाहर्ट्झचा, म्हणून कॅसेटमध्येच सुपर एफएक्स २ ही साहाय्यक चिप बसवावी लागली. रँडी लिंडेन यांनी मूळ आज्ञावली हाती नसताना खेळाचे इंजिन स्वतः लिहिले. अभियांत्रिकी पराक्रम म्हणून ही कामगिरी थक्क करणारी आहे आणि २०२० मध्ये लिंडेन यांनी आपली आज्ञावली खुली केली तेव्हा जाणकारांनी तिचे योग्य कौतुकही केले. मात्र खेळ म्हणून ही प्रत काय देते? नकाशांचा आकार अन्य अनेक प्रतींपेक्षा मूळाला अधिक धरून आहे. पण जमीन व छत यांवरील पोत नाहीसा झाला आहे, चित्र पडद्याचा पूर्ण भाग व्यापत नाही, राक्षस कोठेही असले तरी खेळाडूकडेच तोंड करून उभे राहतात आणि गती अनेकदा सेकंदाला दहा फ्रेमांच्या आसपास रेंगाळते. राक्षसाची पाठ दिसत नसल्याने त्याला गाफील गाठण्याचा डाव उरत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतरात जसा अर्थ निसटतो, तसा येथे नकाशाला नकाशा ठेवून खेळ निसटला आहे.

त्याच वर्षीची प्लेस्टेशनवरील प्रत मात्र यशस्वी ठरली. तिने जॅग्वारसाठी सोपे केलेले नकाशे पुष्कळ अंशी स्वीकारले. म्हणजे तपशिलाच्या बाबतीत ती मूळापासून दूरच आहे. परंतु तिने रंगीत प्रकाशाची योजना केली आणि मूळच्या ठेकेबाज संगीताऐवजी ऑब्री हॉजेस यांचे गूढ, दबलेले ध्वनिवातावरण आणले. मूळ ‘डूम’ धावायला लावतो. प्लेस्टेशनचा ‘डूम’ दबकत चालायला लावतो. ‘ती फुलराणी’त लंडनच्या रस्त्यावरील बोलीच्या जागी मराठी बोली उभी करावी लागली, तसाच हा बदल आहे. त्यामुळे ही प्रत मूळाची छाया न राहता स्वतंत्र प्रकृतीची कृती झाली.

थ्रीडीओ यंत्रावरील १९९६ ची प्रत हे या मालिकेतील सर्वांत खेदजनक प्रकरण होय. प्रकाशक संस्थेने मोठमोठ्या घोषणा केल्या होत्या. प्रत्यक्ष काम रेबेका हाइनमन यांच्याकडे आले तेव्हा हातात सुमारे दहा आठवडे होते. खेळ चालतो, पण पूर्ण पडद्यावर इतका संथ की चित्राची खिडकी लहान करून घ्यावी लागते. वाद्यवृंदाकडून नव्याने ध्वनिमुद्रित केलेले संगीत मात्र उत्तम आहे. त्यामुळे जॅग्वारच्या नेमकी विरुद्ध स्थिती येथे निर्माण झाली. ज्याचा त्याग करता आला असता ते वैभवात आले आणि ज्यावाचून खेळच नाही ती गती गेली. या अपयशाचे माप यंत्राच्या किंवा कारागिराच्या पदरात टाकणे अन्यायाचे ठरेल. ते वेळापत्रक ठरवणाऱ्याचे आहे.

एक यंत्र, दोन प्रती :

‘यंत्रच दुबळे होते, त्याला काय करणार?’ हा बचाव यंत्रांतराच्या चर्चेत नेहमी पुढे केला जातो. तो तपासण्याचा सोपा मार्ग असा की, एकाच यंत्रावर एकाच काळात आलेल्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात.

सेगा सॅटर्नवर १९९७ मध्ये ‘डूम’ आला आणि त्याच वर्षअखेरीस ‘क्वेक’ही आला. ‘क्वेक’ (१९९६) हा तांत्रिकदृष्ट्या ‘डूम’पेक्षा कितीतरी जड खेळ. त्यामुळे ‘डूम’ सहज चालावा आणि ‘क्वेक’ अडखळावा, अशी अपेक्षा. घडले उलट. ‘डूम’च्या प्रतीवर काम करणाऱ्या जिम बॅगली यांनी सांगितल्याप्रमाणे, सॅटर्नच्या स्वतःच्या चित्ररेखन शक्तीचा उपयोग करण्यास कारमॅक यांनी नकार दिला, कारण त्या पद्धतीत भिंतींवरील पोत किंचित वाकडा दिसत असे. परिणामी सारा भार सर्वसाधारण प्रक्रियकांवर पडला आणि खेळ मंदावला. तो प्रयोग करू द्यायला हवा होता, असे पुढे कारमॅक यांनीही मान्य केले. ज्या कर्त्याने जॅग्वारवर संगीत सोडले, त्यालाच येथे भिंतीची सरळ रेघ सोडवेना! ‘क्वेक’च्या बाबतीत लोबोटॉमी सॉफ्टवेअरने मूळ इंजिन बाजूला ठेवले, सॅटर्नसाठी स्वतःचे ‘स्लेव्हड्रायव्हर’ इंजिन वापरले आणि नकाशे त्यात नव्याने बांधले. मूळाची आज्ञावली न वापरता मूळाचा अनुभव त्यांनी पोचवला. दुबळ्या यंत्रावर जड खेळ चालला आणि हलका खेळ अडला. याचा अर्थ यंत्राची मर्यादा हे अपुरे स्पष्टीकरण आहे.

२००५ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सवर हीच तुलना पुन्हा करता येते. एप्रिलमध्ये ‘डूम ३’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘हाफ-लाइफ २’ या दोन्ही खेळांनी संगणकविश्वाला २००४ मध्ये चकित केले होते. एक्सबॉक्सजवळ ७३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक आणि अवघा ६४ मेगाबाइट स्मृतिकोश. ‘हाफ-लाइफ २’ संगणकावर किमान २५६ मेगाबाइट मागत असे. ‘डूम ३’ची प्रत करणाऱ्या व्हिकेरियस व्हिजन्सने दालने छोटी केली, काही भाग कापले, लांब टप्पे तोडले आणि त्याच वेळी दोघांनी मिळून खेळण्याची नवी सोय दिली. व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ २’ची एकट्याने खेळायची कथा जवळजवळ अखंड आणली. महत्त्वाकांक्षेच्या दृष्टीने दुसरी प्रत थोर आहे. तिची वाखाणणीही झाली. पण मोठ्या झुंजीत, म्हणजे नेमकी गती हवी तेथे, तिचा श्वास कोंडतो. शांत प्रसंगी ती मूळाच्या तोडीची आणि रणधुमाळीत मूळाची केविलवाणी आठवण, अशी दुभंगलेली अवस्था तिच्या वाट्याला येते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. कापाकापी केलेली प्रत चांगली आणि अखंड प्रत कमी प्रतीची, असे म्हणणे म्हणजे कारागिराला छाटणीचा परवाना देणे नव्हे काय? ‘क्रायसिस’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००७ मधील हा खेळ त्या काळच्या उत्तम संगणकांनाही घाम फोडणारा म्हणून प्रसिद्ध होता. २०११ मध्ये तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा विमानयुद्धाचा ‘असेन्शन’ हा टप्पा संपूर्ण वगळण्यात आला. तरीही गती अनेक ठिकाणी ३० फ्रेमांखाली घसरते. अर्थात छाटणीने आपोआप यश मिळत नाही. विस्तीर्ण बेट, दूरवर जाणारी नजर आणि कोठूनही हल्ला करण्याचे स्वातंत्र्य हा ‘क्रायसिस’चा प्राण, तो राखायचा तर भार राहणारच. येथील मर्यादा खरी आहे आणि ती मान्य करणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. छाटणीचे मोल ती कोणत्या गोष्टीसाठी केली यावर ठरते, एवढेच येथे म्हणायचे आहे. २०१६ चा ‘डूम’ पॅनिक बटन या संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये निन्टेंडो स्विचवर आणला, तेव्हा ६० फ्रेमांच्या ३० केल्या आणि चित्र बरेच धूसर होऊ दिले. नजर दूर जाण्यापेक्षा अंगावर येणारी झुंज हा त्या खेळाचा प्राण असल्याने धूसरपणा सोसला गेला.

झाकलेली प्रत :

आतापर्यंतची उदाहरणे कारागिरीच्या यशापयशाची होती. पुढचा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे.

२००७ मध्ये व्हॉल्व्हचा ‘द ऑरेंज बॉक्स’ हा संच संगणक आणि एक्सबॉक्स ३६० साठी व्हॉल्व्हने केला. प्लेस्टेशन ३ ची प्रत मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या चमूकडे गेली. प्लेस्टेशन ३ ची स्मृती २५६-२५६ मेगाबाइटच्या दोन कप्प्यांत विभागलेली आणि त्याचा सेल प्रक्रियक वेगळ्याच पद्धतीने काम मागणारा. ही प्रत उशिरा आली, आणि अडखळणारी गती व लांबलेल्या प्रतीक्षा यांसाठी तिच्यावर टीका झाली. वेष्टनावरचे नाव मात्र एकच. ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ डिसेंबर २०१७ मध्ये एक्सबॉक्स वनवर आला तेव्हा गती ३० फ्रेमांनाही टेकत नव्हती. मात्र तो अपूर्ण असल्याचे विक्रीच्या वेळीच सांगितलेले होते. खरेदीदाराने जाणून घेतलेली जोखीम आणि त्याच्यापासून दडवलेली जोखीम यांत नैतिक भेद आहे.

या भेदाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’. हा निव्वळ नेमबाजीचा खेळ नाही. पण त्यातील संघर्षाचा मोठा भाग नेमबाजीचाच आहे. १० डिसेंबर २०२० रोजी तो प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी समीक्षकांच्या हाती फक्त संगणकाची प्रत देण्यात आली होती आणि परीक्षणे तिच्यावरच लिहिली गेली. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर खेळ विकत घेणाऱ्यांना प्रसिद्धीदिनापर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता की, आपल्या यंत्रावर तो अडखळतो, वस्तू उशिरा उमटतात आणि मध्येच बंद पडतो. १४ डिसेंबरला संस्थेने जुन्या यंत्रांवरील खेळ आधी दाखवला नाही याबद्दल माफी मागितली. १७ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देण्याची घोषणा केली. तो तेथे परतला २१ जून २०२१ रोजी. जानेवारी २०२१ मधील निवेदनात संस्थेचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी, खेळ आधी संगणकावर भव्य दिसावा आणि मग कन्सोलसाठी जुळवून घ्यावा असा क्रम ठेवल्याचे मान्य केले. भागधारकांच्या दाव्यात १८.५ लाख डॉलरची तडजोड डिसेंबर २०२१ मध्ये झाली. पुढे खेळ बराच सुधारला. परंतु सप्टेंबर २०२३ मधील ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार जुन्या यंत्रांसाठी आलाच नाही.

या घटनेत निर्मात्याइतकीच समीक्षाव्यवहाराचीही परीक्षा झाली. संगणकाच्या प्रतीवर लिहिलेले परीक्षण प्रामाणिक असेलही. पण ते ‘खेळा’चे परीक्षण म्हणून वाचले गेले आणि कन्सोलच्या प्रतीला उसना लौकिक मिळाला. मुंबईतील पहिल्या प्रिंटवर लिहिलेल्या परीक्षणाच्या भरवशावर जत्रेतील तिकीट काढण्यासारखे हे आहे. फरक इतकाच की, जत्रेतले तिकीट निदान स्वस्त होते.

महाराष्ट्रातील संदर्भ :

महाराष्ट्रातील खेळाडूंचा या इतिहासाशी आलेला संबंध वळणावळणाचा आहे. नव्वदीच्या दशकात घरोघरी पोचला तो ‘टीव्ही गेम’ आणि त्याच्या कॅसेटी. नेमबाजीचे संगणकी खेळ पोचले ते पुढे सायबर कॅफेत. शेजारी शेजारी बसून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या तरुणाचा हात माउसवर तयार झाला. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये अधिकृतपणे आला, पण त्याची किंमत त्या काळी २३,९९० रुपये होती आणि सर्वसामान्य कुटुंबाला ती परवडणारी नव्हती. त्यामुळे कन्सोलच्या उणिवांची चर्चा येथे फारशी झालीच नाही.

ती वेळ आली मोबाइलमुळे. मार्च २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला आणि संगणकावरील नेमबाजीचा खेळ थेट खिशात उतरला. येरमाळ्यासारख्या गावातील तरुणाच्या हाती खेळयंत्र म्हणून जे आहे ते हेच, आणि तेही बहुधा घरातला एकुलता एक, अभ्यास व व्यवहार या दोहोंसाठी घेतलेला मोबाइल. कन्सोल जसे संगणकापुढे दुबळे, तसा स्वस्त मोबाइल महाग मोबाइलपुढे दुबळा. दहा-बारा हजारांचा मोबाइल आणि त्याच्या पाचपट किमतीचा मोबाइल एकाच रणांगणात उतरतात. एकाला शत्रू सलग धावताना दिसतो, दुसऱ्याला तुकड्यातुकड्यांनी. हरणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. नेमाच्या चक्राविषयी वर जे सांगितले ते लक्षात घेता हा दोष पुष्कळदा हाताचा नसतो.

जुलै २०१९ मध्ये भारतात आलेली ‘पब्जी मोबाइल लाइट’ ही प्रत या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. तिने १०० ऐवजी ६० खेळाडू घेतले, नकाशा लहान केला आणि त्या लहान नकाशाला साजेशी झुंज ठरवली. ही कमी केलेली प्रत होती, पण टाकाऊ नव्हती. दुबळ्या यंत्राच्या मालकाला डोळ्यांपुढे ठेवून केलेले ते रूपांतर होते आणि नावातच तिने आपले वेगळेपण सांगितले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा या दोन्ही प्रती भारतातून गेल्या. २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने मोठी प्रत परतली. जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात तीही बंद होती.

निर्मितीच्या अंगानेही महाराष्ट्र या प्रश्नापासून दूर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा नेमबाजीचा खेळ नव्हे; पण तो १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेंडो स्विच या तुलनेने कमी शक्तीच्या यंत्रावर आला आणि अन्य यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा नेमबाजीचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर प्रसिद्ध झाला. दुबळ्या यंत्राकडून बलवान यंत्राकडे जाणारा हा उलटा प्रवास आहे. त्यात उणिवा नसतील असे नाही. मात्र ज्याच्याजवळ कमी आहे त्याचा विचार त्यात अखेरीस न येता आरंभी येतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) नेमबाजीच्या खेळात गती हा अलंकार नसून आशय आहे. डोळा आणि हात यांचे चक्र तुटले की कथा, चित्र, संगीत शाबूत असूनही खेळ उरत नाही.

२) यंत्राची मर्यादा हे निराशेचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. सॅटर्नवरील ‘डूम’ व ‘क्वेक’ आणि एक्सबॉक्सवरील ‘डूम ३’ व ‘हाफ-लाइफ २’ यांची तुलना ही बाब स्पष्ट करते. मूळाच्या तपशिलाशी निष्ठा ठेवणाऱ्या प्रतींपेक्षा मूळाचा प्राण ओळखणाऱ्या प्रती अधिक टिकल्या आहेत.

३) अनेक अपयशे कारागिराची नसून नियोजनाची आहेत. अपुरा अवधी, कामाचे परस्पर हस्तांतरण आणि बलवान यंत्र आधी, दुबळे नंतर हा क्रम, ही त्यांची कारणे होत.

४) प्रत्येक प्रत ही स्वतंत्र कृती मानून तिचे परीक्षण झाले पाहिजे. कोणत्या यंत्रावर खेळून परीक्षण लिहिले हे न सांगणे ही समीक्षेतील गंभीर उणीव होय.

सुपर निन्टेंडोवर ‘डूम’ प्रथम खेळलेले अनेकजण आजही त्या प्रतीविषयी जिव्हाळ्याने बोलतात आणि तंबूतील सिनेमा पाहिलेली पिढीही त्या फाटक्या पडद्याची आठवण जपते. त्या आठवणी खऱ्या आहेत. परंतु ती कृतज्ञता काहीतरी मिळाल्याची आहे. जे मिळाले ते पूर्ण होते असा तिचा अर्थ होत नाही. दुबळ्या यंत्राच्या मालकाने थोडक्यात समाधान मानले म्हणून त्याला थोडकेच द्यावे, असे ठरत नाही. त्याच्या हाती पडलेल्या प्रतीचा जमाखर्च मांडणे हे समीक्षेचेच काम आहे.